मस्कतमध्ये जन्मलेल्या सूरजची रवानगी

मस्कत

तीर्थस्वरूप मंदाताईस,
पायांवर डोके ठेवून नमस्कार. आम्ही दोघे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

सूरज शुक्रवारी भाईंदरला तुझ्याकडे राहायला येत आहे. त्याला एकवीस पूर्ण झाली, त्यामुळे मुलगा म्हणून माझ्या व्हिसावर आता त्याला इथे राहता येत नाही. जन्म इथला, शाळा इथली, हक्क मात्र कसलाच नाही.

कंपनीत व्हिसाचे काम पाहणारा हसून म्हणाला, “काका, पाहुण्यानं घरावर हक्क सांगायचा नसतो.”

मी विचारले, “पाहुण्याकडून कोणी पंचवीस वर्षं हिशेब लिहून घेतं का?”

मुदतवाढ मिळाली नाही.

शेजारी त्याला “बरं झालं, परत आलास” म्हणतील. ते म्हणू देऊ नकोस. तो परत आलेला नाही. त्याला त्याच्या गावातून हाकलले आहे.

तुझा धाकटा,
दत्ताराम