आधीच आवळून ठेवलेलं घर

२ मार्च, सकाळी
आजपासून नवा मी. भाड्याने दिलेल्या घरातून तक्रार आली की धावाधाव, हे बंद! बिघडण्याआधीच दुरुस्त करायचं. जगातला प्रत्येक बिघाड काहीतरी ढिलं राहिल्यामुळे होतो, हा शोध दाढी करताना लागला. लगेच मोठा पाना आणला. बायको म्हणाली, भाडेकरू सोन्यासारखे आहेत, करार याच महिन्यात संपतोय, त्यांना छळू नका. तिला मेंटेनन्समधलं काही कळत नाही.

५ मार्च
त्यांचे सगळे नळ आवळले. अंगात वारं संचारलं होतं. स्वयंपाकघरातला नळ हातातच आला. मुळात कमकुवत! आज सापडला म्हणून बरं. भाडेकरीणबाई नखशिखांत भिजल्या, पण हसल्या. बहुतेक हसल्याच.

९ मार्च
बाथरूमच्या दाराच्या बिजागऱ्या आवळल्या. दार आता मुळीच करकरत नाही. उघडतही नाही. आत भाडेकरीणबाईंच्या सासूबाई होत्या. सुटका होईपर्यंत त्यांनी मला जे सुनावलं ते शब्दन् शब्द ऐकू आलं. म्हणजे दार पातळ आहे. बदलायला हवं.

१४ मार्च
भाडेकरूचा फोन. म्हणे, काका, उद्या येऊ नका, आम्ही घरी नाही. म्हटलं, उत्तम, माझ्याकडे किल्ली आहे. त्याने फोनच ठेवला. भारावला असावा.

१५ मार्च
घरात कुणी नाही, त्यामुळे मनसोक्त आवळता आलं. फ्लशची टाकीसुद्धा. हॉलमध्ये थोडं पाणी आलं. फरशी आयतीच धुऊन निघाली.

२० मार्च
ते दुसरं घर बघताहेत म्हणे. बायकोने अबोला धरलाय. असे लोक पुन्हा मिळायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडतात. आज पान्याला हात लावला नाही. दुपारपर्यंत.

२८ मार्च
राहताहेत! करार झाला! नाचावंसं वाटतंय. दुरुस्त्या यापुढे सगळ्या तेच करणार. अट एकच: पाना त्यांच्याकडे राहील आणि मी तिकडे फक्त चहाला जायचं. एका महिन्यात माझा मेंटेनन्स शून्यावर! माझी पद्धत सिद्ध झाली.

३० मार्च
आमच्याच स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. मी बाह्या सरसावल्या. तोवर बायकोने फोन लावलाही होता. भाडेकरू आला, माझाच पाना घेऊन. मला म्हणाला, काका, तुम्ही कशाला हात लावू नका, टॉर्च तेवढी घट्ट धरा.
धरली.