सांगलीचं घर

२६ जाने., एनिस
ईराच्या शाळेत आजी-आजोबा दिवस आहे. मंदार म्हणाला, "आई, जा तू. तेवढंच बरं वाटेल." हे गेल्यापासून मला कशाने बरं वाटेल ते सगळ्यांना ठाऊक आहे, मला सोडून.
नातीची अट: "आजी, नो गिव्हिंग आउट!" म्हणजे कुणावर ओरडायचं नाही.

२८ जाने.
गेले. बाईंनी विचारलं, लहानपणी घरी वीज होती का? वीज! म्हटलं, कॉन्व्हेंटात तुमच्याच देशातल्या, आयरिश मदर होत्या. मराठी बोललं की बाकावर उभं करायच्या. तिथेच पुढे रिटायर होईपर्यंत इतिहास शिकवला.
लग्नाचंही सांगितलं. बघायला आले तेव्हा सासरे म्हणाले, नोकरी सोडावी लागेल. मी म्हटलं, मग स्थळच सोडते. हे हसले, म्हणून लग्न झालं. पोरं खिदळली. मला हसू नाही, रडूही नाही.
एकाने विचारलं, घरी कधी जाणार? तोंड उघडायच्या आत ईरा: "शी'ज नॉट. डॅडी गेव्ह हर हाउस टु अ फॅमिली."
टाळ्या. चहा, बिस्किटं.

त्याच दिवशी, संध्या.
मं.ला विचारलं.
"अगं, भाड्यानेच दिलंय. सांगणारच होतो. तुझी मनःस्थिती बघून..."
माझी मनःस्थिती. तीही हाच बघणार.
"आणि ह्यांचे कपडे?"
"मामाने दिले कुणाला तरी."
सून म्हणाली, "आई, चहा गार होतोय." प्यायले. एरवी गल्ली गोळा केली असती.

३० जाने.
मं. कामावर निघताना: "आई, परतीचं तिकीट रद्द करू ना? व्हिसाचं मी बघतो."
"थांब."
"किती थांबू?"
"मला विचारल्याशिवाय माझ्या वडिलांनीसुद्धा कधी..." पुढचं राहिलं. त्याला उशीर होत होता.
निवृत्त झाल्यावर फिरू, म्हणायचे हे. मी फिरले. सामानासारखी.

३१ जाने.
दुपारी घरात कुणी नाही. सांगलीच्या घरच्या नंबरावर फोन लावला. कुणा बाईंनी उचलला. मागे कुकरची शिट्टी.
मी माझंच नाव घेऊन विचारलं, "कुलकर्णी मॅडम आहेत का?"
"त्या मुलाकडे असतात हो आता, परदेशात."
"परत कधी येणार?"
"काय माहीत. काही निरोप आहे का?"
त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.