कोठीच्या बागेतलं डोहाळजेवण

प्रिय थोरल्या बाई,

तुमच्या धाकट्या जावेचा नमस्कार. तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? तिकडं पायऱ्या नसाव्यात अशी आशा आहे. मामंजींचा खोकला थांबला का? आत्याबाईंना आता नीट दिसतं का, का अजून तव्यावर हात भाजून घेतात? आणि तुमचे भावजी? वेळेवर जेवतात ना? त्यांना पानावर बसवायला तुम्हीच हाका मारत असाल. तुमचं ऐकायचे ते. माझं कुठं कधी ऐकलं!

इकडं सगळे सुखरूप आहेत, असं पुढं लिहिणार होते. पण हात धजत नाही.

बाई, मला भेव वाटून राहिलं आहे. आणि घरात ते बोलायची सोय नाही. पोटुशी बाई घरात असताना अभद्र शब्द तोंडातून काढू नये, हे तुम्हीच शिकवलेलं. मी नुसता सुस्कारा टाकला तरी तुमची सून लता डोळे वटारते, "काकू, चांगलं बोला!" म्हणते. मग ज्यांच्यापुढं वाईट बोललं तरी कुणाला बाधणार नाही, अशा तुम्हीच उरलात. म्हणून पोरांच्या पाटीवर गिरवून शिकलेल्या या वाकड्या अक्षरात लिहायला बसले. वाचताना हसू नका.

तुमची नात मंगल पोटुशी आहे. सातवा लागला. पहिल्या वेळचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. भरल्या ओटीनं माहेरी आली अन् रिकाम्या हातानं सासरी गेली. त्याच दुःखात तुम्ही अंथरूण धरलं. जाताना माझं मनगट धरून म्हणालात, "धाकटे, मंगलीला एकटं सोडू नको." सोडलं नाही, बाई. पण सोबत असूनच हे झालं, त्याला काय करू?

जवळा बाजारच्या वाटेवरची जहागीरदाराची कोठी आठवते का? आठवत नसेल कसं! डोक्यावर पाटी घेऊन तुम्ही फाटकाशी उभ्या राहायच्या. गजांतून आतलं कारंजं बघायच्या. "धाकटे, येक डाव त्या हौदापाशी बसून भाकर खायची हाय मला." मी आपली घाईवर, "चला बाई, बाजार उठंल." त्या फाटकाच्या आत आपल्यासारख्यांचा पाय पडेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आपण त्याला खुळा म्हटलं असतं.

आता ती कोठी लोकांना बघायला खुली केली आहे. तिकीट काढलं की कुणीही आत जावं. डोहाळजेवण कुठं करायचं, घरी का शेतात, हे चाललं होतं, तर मंगल म्हणाली, "आज्जीला जायचं होतं ना कोठीत? मंग माझी ओटी तिथंच भरा." आता सांगा, याला कोण नाही म्हणेल? तुमचं नाव घेतल्यावर लताचे डोळे भरले आणि मी तर आधीच पिशवी भरायला लागले.

बाई, काय तो थाट! दिवाणखान्यात भिंतभर आरसे. ही कोण म्हातारी वाटेत उभी म्हणून मी बाजूला झाले, तर ती पण बाजूला झाली! सोबत आलेल्या पोरी खदाखदा हसल्या. वर काचेची झुंबरं. जिना चढून गेलं की बायकांची बसायची खोली, तिला दगडाची बारीक जाळी. त्या भोकांतून सगळी बाग दिसते, पण बागेतल्या माणसाला आतली बाई दिसत नाही. लता म्हणाली, "किती नाजूक काम!" माझा मात्र तिथं जीव घुसमटला. एवढा अवाढव्य महाल, आणि बाईनं जग बघायचं ते बोटाएवढ्या भोकातून?

बाग मात्र तुमच्या मनासारखी. मेंदीची कापलेली कुंपणं, मध्ये तो हौद, कडेनं जुनी आंब्याची झाडं. वरच्या सज्जाच्या सावलीत लोखंडी कमान आणि तिला झोपाळा. दुसरीकडं कुठं बघायची गरजच नव्हती. आम्ही झोपाळ्याला झेंडू-शेवंती गुंडाळली, मंगलला फुलांचे दागिने घातले, हिरवी साडी, हिरवा चुडा. बाई, तुमचंच तरुणपण झोपाळ्यावर बसलं होतं!

सज्जाच्या पोटाला काळं काहीतरी लोंबत होतं. वाळत टाकलेल्या गोधडीसारखं. मी बघत राहिले, तर ती गोधडी मधूनच शहारली.

रखवालदार येऊन म्हणाला, "मावशी, आग्या मोहोळ हाय ते. तिकडं आंब्याखाली बसा की."

"आंब्याला झोपाळा हाय का?" शेजारची पारूबाई फटकन बोलली.

"मंग गलका करू नका. अन् ती पाटी वाचा."

पाटीवर लिहिलं होतं, येथे धूर करू नये. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"बिडीवाल्या बाप्यांसाठी असंल," पारूबाई म्हणाली. "आपल्यात कोन बिडी पितं?"

"तुमच्या सासूबाई पित व्हत्या की!" लता म्हणाली, आणि हसताना सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या.

आता तुमच्यावर येते, बाई. रागावू नका, पण बोलणार आहे. उदाशिवाय ओटी भरायची नाही, नजर लागते, ही रीत आपल्या घरात कुणी घातली? तुम्हीच ना? पारूबाईच्या घरी नाही, लताच्या माहेरी नाही, फक्त आपल्याकडं. मी घरून धुपाटणं नेलं होतं, कोळसे नेले होते, सगळं नेलं होतं. पाटी मीच वाचली. आणि निखारे फुलवून त्यावर ऊद मीच टाकला. तुम्हाला पटेल का, ऊद म्हणजे धूर हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही! चुलीचा असतो तो धूर, बिडीचा असतो तो धूर. ऊद तो ऊद! मी मंगलीवरून तो ओवाळला आणि तो सरळ वर गेला, सज्जाच्या पोटाला.

आधी नुसता आवाज आला. दूरवर ट्रक घाट चढावा तसा. मग ती गोधडी फाटली.

सगळ्या पळाल्या. पारूबाईची चप्पल हौदात, लता पदर डोक्यावर घेऊन "मंगल! मंगल!" ओरडत होती आणि रखवालदार तिला ओढत आत नेत होता. मंगलला उठता येईना. फुलांच्या माळा झोपाळ्याच्या साखळीत गुंतल्या होत्या. मी त्या हिसकल्या, तिला गवतावर कुशीवर निजवलं आणि खालची सतरंजी दोघींवर ओढून घेतली. कडा अंगाखाली दाबल्या.

बाई, त्या सतरंजीखालचं भेव मी कुणाला सांगितलेलं नाही. अंधार. उदाचा वास. आणि वरून पाऊस पडावा तशा माश्या आदळत होत्या. एक माझ्या कानामागं शिरली होती, ती डसली तरी हात उचलला नाही. हात मंगलीच्या पोटावर होता.

"आज्जी."

"बोलू नको, लेकरा. हालू नको."

"आज्जी, बाळ हालना गेलंय."

मी तळवा दाबून धरला. काहीच नाही. नुसती तिची धडधड. मी म्हटलं, "निजलं असंल. आपल्या घरची लेकरं निजाळूच." ती म्हणाली, "मागच्या बारीलाबी तुमी असंच म्हनला व्हता."

ते खरं होतं, बाई.

मग तिनं मला विचारलं, "तुमाला लई चावल्या का?" म्हटलं, "न्हाई, मपल्या कातड्याला डसून त्यांचेच दात दुखतेल." ती हसली. तेवढ्या भीतीत हसली! मला मात्र रडू फुटलं. अंधार होता म्हणून बरं झालं.

माश्या शांत झाल्यावर आम्हाला उचलून नेलं. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. लतानं माझा दंड असा आवळला की डसलेलं परवडलं. आणि मग ठोके आले, बाई! टपटप टपटप, उधळलेल्या शिंगरासारखे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके बराबर आहेत, पण पोरगी लई भ्याली आहे, विषही अंगात गेलं आहे. पडून राहू द्या, पोट दुखलं तर तडक आणा.

तेव्हापासून ती पडून आहे आणि मी बघत बसले आहे. तिनं कूस बदलली की मी उठून दिवा लावते. ती मोरीत जरा जास्त थांबली की मी दारावर थाप मारते. "आज्जी, आता मोरीतबी येता का?" म्हणते. माझं तोंड सुजून घागरीएवढं झालं होतं, ते आता उतरलं. भेव काही उतरत नाही. हाताखाली काही हाललं नव्हतं, तेवढी वेळ हाताला चिकटून बसली आहे. भाकरी थापतानाही तळवा तेच चाचपतो.

लता म्हणते, संकट टळलं, आता तरी हसा. टळलं का? तुम्ही वरून बघता, तुम्हाला पुढचं दिसत असेल. मला हे एवढंच दिसतं, त्या जाळीच्या भोकातून दिसावं तेवढं.

वचन देते, बाई. मंगली सुखानं मोकळी होईस्तोवर तिच्या उशापासून हलणार नाही. पोरगं हो, पोरगी हो, पहिली घुटी मी पाजीन आणि मगच पाठ टेकीन. तुमची उदाची रीत मात्र मी मोडणार. राग आला तर येऊ द्या.

लवकर उत्तर धाडा, वाट बघते. पण पाया पडून एक सांगते. चिठ्ठी पाठवाल ती माझ्या नावानं पाठवा. मंगलीच्या नावानं नको. तिला हाक मारू नका, स्वप्नातसुद्धा नको. नातीला बघायचा कितीही जीव होवो, नको. तिच्या लेकराचीही हौस धरू नका. तिकडं कामाला माणूस कमी पडत असेल, तर मी इथं रिकामीच आहे.

तुमची धाकटी,
चंद्रभागा