सात नंबरचा दगड

डोंगरी, मंगळवार संध्याकाळ

शेवटी पप्पांनी आज अर्जावर सही केली. आमच्या दगडखाणीच्या भाडेपट्ट्यातला, खालच्या वस्तीतल्या रेश्माच्या विहिरीवरचा उतार सरकारला परत. तिथे आता सुरुंग लागणार नाही. महिनाभर भांडतोय मी. "कॉलेज सोडलंस, आता माझी खाणपण सोडायला लाव," म्हणाले. पण केली सही.

मी लगेच पहार घेऊन उतारावर. हद्दीचा सात नंबरचा दगड तिच्या विहिरीला अगदी खेटून आहे. मंजुरी येईपर्यंत तो हलवायचा नसतो, माहीत होतं. पण एकदा डोकं फिरलं की थांबतो कुठे मी? तीनदा पहार मारली, तर मागून रेश्मा.

"तो न्हाय काढायचा. हंडा कुठं ठेवू मी?"

आमच्या सुरुंगांनी विहिरीचं पाणी गढूळ झाल्यापासून ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही हंड्यावरून. मी सहीचं सांगितलं. तिने शांतपणे भरलेला हंडा सात नंबरवर ठेवला. हसली नाही.

"मंजुरी आली की त्याच्यावरचा लाल आकडा तेवढा पुसून जा," म्हणाली. "तूच ये. दुसरा कोन नको."

म्हणजे ये, असंच ना?

मंजुरीला किती दिवस लागतील कोण जाणे. रंग पुसायला टर्पेंटाइन मात्र येतानाच घेऊन आलोय.