बरणीवरची रेघ

अहो,

फायबर पावडरच्या बरणीवर मी रविवारी मार्करने रेघ मारली होती. तेव्हापासून आज सकाळपर्यंत मी बरणीला हात लावला नव्हता, तरी पावडर दोन बोटं खाली गेली होती आणि माझं पोट टम्म फुगलंय. माझ्या चहात ती कोण कालवतं, हे विचारतच नाही. घरात आपण दोघंच आहोत. डॉक्टर काय म्हणाले होते? अर्ध्या चमच्यापासून हळूहळू वाढवा, आतड्यातल्या जंतूंना सवय होऊ द्या. पोट नीट साफ व्हायला लागल्याशिवाय मी प्रवासाला निघणार नाही म्हटलं, म्हणून तुमची घाई कळतेय मला. मला तुमच्या बहिणीकडे महिनाभर राहायला न्यायचंय ना?

चिठ्ठी मुद्दाम सिंकपाशी ठेवलीय. ती वाचताय म्हणजे कॉफी संपवून कप विसळायला आलात. त्या कॉफीत पावडरचे तीन चमचे होते. अकराची मीटिंग सांभाळा.