सील ठोकलेला वजनकाटा

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा कमरेतून वाकून नमस्कार. (गेल्या वर्षी वाकलं की धाप लागायची, म्हणून उभ्याउभ्याच हात जोडत होतो. आता वाकतो आणि परत वरही येतो.) तिकडे तुझी, वहिनींची आणि दुकानाची प्रकृती कशी आहे? इकडे आम्ही नुसते मजेत नाही, विजयी आहोत. आज बरोबर एक वर्ष झालं, दवाखान्याच्या खाटेला पाठ लावलेली नाही. त्याआधीच्या वर्षात तीनदा लावली होती. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाचा पंप अशक्त झालाय, हे दुखणं आता जन्माचा सोबती. नीट सांभाळलंत तर वर्षानुवर्षं मजेत राहाल, पण चौथी खेप येऊ देऊ नका. तेव्हापासून चौथी खेप हा शब्द घरात कोणी काढत नाही.

सांभाळायचं म्हणजे गोळ्या वेळेवर, मीठ बेताचं, पाणी मापात, रोज चालणं आणि सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी. लगेच फोन करायचा. आता वजन ही गोष्ट मला कोणी शिकवायची? तीस वर्षं मी वजनमाप निरीक्षक आहे. मी बाजारात शिरलो की तराजू आपोआप सरळ होतात.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात रविवारी आमच्या हेडक्लार्कच्या निवृत्तीचं जेवण होतं. मी शहाण्यासारखं सगळं टाळलं आणि तीन वाट्या सूप प्यालो. (पातळ पदार्थात मीठ ते काय असणार, असा माझा समज.) सोमवारी काट्यावर उभा राहिलो तर शनिवारपेक्षा दोन किलो दोनशे ग्रॅम जास्त! दुसरा कोणी घाबरला असता. मी काट्यावर संशय घेतला. तीस वर्षांत जास्त वजन दाखवणारा काटा निर्दोष निघालेला मी पाहिलेला नाही. त्याला दोरा गुंडाळला, लाखेचं सील ठोकलं, ‘वापरास मनाई’ अशी चिठ्ठी लावली आणि कपाटावर ठेवून दिला. बायको म्हणाली, माझं वजन तर बरोबर दाखवत होता. मी म्हटलं, साक्षीदार घरातलाच आहे, चालणार नाही. मग तिने माझ्या पायांवरचे मोज्यांचे वळ दाखवले. मोज्याचं रबर वजनमापाच्या कायद्यात बसत नाही, हे मी तिला समजावलं. तिने मला जे समजावलं ते कोणत्याच कायद्यात बसत नाही.

मंगळवारी दुपारी कचेरीतली प्रमाणित वजनं घरी आणवली. सील तोडलं आणि पाच-पाच किलोची लोखंडी वजनं काट्यावर ठेवायला लागलो. दोन ठेवली आणि धाप लागली. उरलेली दोन बायकोने ठेवली. पाच, दहा, पंधरा, वीस. काटा सोळा आणे खरा! दादा, तेव्हा मात्र मी घाबरलो. त्या लोखंडासमोर जमिनीवरच बसलो. काटा खरा म्हणजे खोटा मीच, आणि चौथी खेप दाराशी.

बायकोने फोन लावून माझ्या हातात दिला. हृदयविभागातल्या नर्सबाई सगळं ऐकून म्हणाल्या, “काका, काटा तपासण्यात दीड दिवस घालवलात. फोनला दीड मिनिट लागलं असतं.” सुपातल्या मिठाचाही त्यांनी उद्धार केला. लगेच बोलावलं, तपासलं, डॉक्टरीणबाईंनी लघवीची गोळी तीन दिवसांपुरती वाढवली आणि घरी पाठवलं. शुक्रवारी वजन जागेवर, मोजे सैल आणि मी आपल्या पलंगावर! परवाच्या तपासणीत पंप तीस टक्क्यांवरून चाळिसावर गेलेला निघाला. (त्यांच्या यंत्राचा तपासणीचा दाखला मी मागितला. त्यांनी दाखवला. चालू वर्षाचा होता.) काल कचेरीचे तीन मजले जिन्याने चढलो, मध्ये फक्त एकदा थांबून. शिपायाने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, अजून वाजव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : बायकोने पत्र वाचलं. ती म्हणते, शिपायाने तिला सांगितलंय, जिन्यात चारदा थांबलो. पहिले तीन थांबे मी नोटीस बोर्ड वाचत होतो, ते धरू नयेत.

आणखी ता. क. : आता खरं काम. वहिनींचा फोन आला होता. महिनाभर तू तीन उशांना टेकून बसल्याबसल्या झोपतोस आणि ‘गॅस आहे’ म्हणतोस. अरे, मीही सहा महिने गॅसच म्हणत होतो. डॉक्टरीणबाईंकडे गुरुवारी दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. बुधवारी मी येतोय, तुला घेऊनच निघेन. आढेवेढे घेतलेस तर दुकानाला टाळं ठोकीन. बारा वर्षांपूर्वी तुझा तराजू जप्त केला तेव्हा तू दोन वर्षं माझ्याशी बोलला नव्हतास. या वेळी वीस वर्षं बोलू नकोस, माझी हरकत नाही. पण तेवढी वर्षं राहा.