प्राण्याचे नाव

रविवार, १२ जानेवारी २०२५
ता. संग्रामपूर

प्रिय मलिहा,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही एकदम. तुझे अब्बू ठीक आहेत, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू घाबरून वाचणार नाहीस. पायाचं प्लास्टर कोरडं आहे, बोटं हलतात. जब्बार चाचा दुकानात नाहीत असं कुणी म्हणूच शकत नाही. खाटेवरून ओरडून गिऱ्हाइकालाच पंक्चर काढायला लावतात. काल एकाला म्हणाले, "अबे, ट्यूब हाये ते, भाकर नाई! हळू थाप." फातिमा चाची हसून हसून डोळे पुसत होत्या.

तू विचारलं होतंस, अकोल्यात हॉस्टेलपासून दवाखान्यापर्यंत सायकलनं जायचं तर काय काय घेऊ. मेसेजवर उत्तर देता आलं असतं. पण मेसेज लिहायला घेतला की बोट थांबतं, आणि फोनवर तुझं "बोल गं" ऐकलं की मी दुसरंच काहीतरी बोलते. म्हणून पत्र. दीड वर्ष झालं, रोज नऊ किलोमीटर जाणं आणि नऊ येणं, तेव्हा एवढं तरी मला सांगता येईल.

गिअरची घेऊ नकोस. साधी घे, पण चेन पूर्ण झाकणारं कव्हर पाहून घे. माझ्या सायकलीला अर्धंच आहे. त्यात ओढणी अडकते, आणि चेन ढिली असली तर उतरते. बॅग पाठीला नको, मागे कॅरिअरला बांध. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. उजव्या हाताला आरसा लाव. मी लावला तेव्हा पारावरून एकजण म्हणाला, "काऊन मास्तरीणबाई, पावडर लावाले काय?" सेतू केंद्रात काम करते, मास्तरीण नाही, हे त्यांना सांगून काही उपयोग नाही. तू लाव. मागून येणारं दिसलं पाहिजे.

आणि आपणही दिसलो पाहिजे. सायकल दिली त्या दिवशी चाचांनी मला तेच सांगितलं होतं, "बेटी, रस्त्यावर धावनं नंतर, दिसनं पयले." सीटखाली लावायचा लाल दिवा काढून ठेवला होता त्यांनी, आणि चकाकत्या पट्ट्यांचं पिवळं जॅकेट. मी म्हटलं, "चाचा, मी ऑफिसात बसते, रस्त्यावर डांबर नाही टाकत." ते हसले. मी बाजारातून राखाडी रेनकोट आणला, टोपीवाला. मळत नाही म्हणून.

राखाडी घेऊ नकोस, मलिहा. दुसरा कुठलाही रंग घे.

आता माझ्याकडे दिवाही आहे आणि पिवळं जॅकेटही. दोन्ही मी दोन तारखेला संध्याकाळी तुमच्याच दुकानातून आणलं. चाचा दवाखान्यात होते, चाचींनी काढून दिलं. तारीख तुझ्या लक्षात आली असेल.

तुला माहीत आहे, सकाळी आठच्या आत सर्व्हर धावतो, नंतर बसतो. म्हणून मी सव्वासहालाच निघते. बाबांना ते कधी आवडलं नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून त्यांनी सायकलला हो म्हटलं, पण अट घातली, "ज्या दिवशी रस्त्यावरचं काई मह्या कानावर आलं, त्या दिवशी सायकल घरात आन् तू बी घरात." ही अट मी रोज पॅडल मारताना ऐकते.

माझीही एक अट होती, स्वतःला घातलेली. अर्जात खोटं लिहायचं नाही. मागच्या महिन्यात एका आजोबांचा उत्पन्नाचा अर्ज मी परत केला. शेतात विहीर असताना कोरडवाहू लिही म्हणत होते. "लयच शिकली तू," असं म्हणून ते गेले. मला वाईट वाटलं नाही. उलट घरी येताना सायकल हलकी वाटली.

गेल्या सोमवारी वनरक्षक पंचनाम्याला आले. चाचांनी सगळ्यांना सांगितलंय ना, मोटारसायकलला रोही आडवा आला म्हणून. नाल्याच्या वळणावर आठ-दहा माणसं जमली होती, मीही होते. कडेला हरभऱ्याच्या ओलिताचं पाणी येऊन चिखल झाला होता, तो आता वाळलाय. वनरक्षक वाकून पाहत होते. म्हणाले, "नीलगाईचा खूर तर कुठं दिसत नाई. सायकलीचं चाक दिसून राह्यलं."

कुणीतरी म्हणालं, "रोही सायकलवर आला असन, साहेब!"

सगळे हसले. मीही हसले. माझे हात जॅकेटच्या खिशात होते. त्यांनी त्या खुणेचा मोबाइलवर फोटो काढला. मी घरी जाऊन सायकल दोनदा धुतली. आई म्हणाली, "दिवाळी हाये काय आज?"

दोन तारखेच्या त्या सकाळी धुई होती. दहा हातांवरचं दिसत नव्हतं. वळणावर माझी चेन उतरली. कडेला जायला हवं होतं, पण कडेला चिखल, म्हणून डांबरावरच वाकले. टोपी डोक्यावर, दिवा नाही. मोटारसायकलचा आवाज आला तेव्हा मी उभी राहिले. उजेड माझ्यावर पडला आणि एकदम बाजूला गेला. मग "या अल्लाह" ऐकू आलं, आणि लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज. तेवढ्यात दूधवाला आला, म्हणून मी निघाले.

नाही. मी आधी निघाले. दूधवाला नंतर आला. मध्ये किती वेळ गेला ते मला माहीत नाही. चेन तशीच लोंबत होती, मी सायकल चिखलातून ओढत तुरीच्या बांधापर्यंत नेली आणि तिथे बसले. ते दोनदा कण्हले. आवाज मी पहिल्याच वेळी ओळखला होता. आणि डोक्यात फक्त बाबांची अट होती.

त्याच दिवशी दुपारी तू फोन केलास. रडत म्हणालीस, "परीक्षा आहे, अम्मी येऊ देत नाही, तू अब्बूंकडे लक्ष दे." मी "हो" म्हटलं.

शुक्रवारी त्यांचा वनखात्याच्या भरपाईचा अर्ज भरायला मलाच बोलावलं. खाटेजवळ स्टुलावर बसून मी फोनवर एकेक रकाना भरत होते. नाव, वय, घटनास्थळ. मग आलं, प्राण्याचे नाव.

"चाचा, प्राणी?"

"लिव ना. रोही."

मी लिहिलं. ते छताकडे पाहत होते. तसंच पाहत म्हणाले, "तुह्या सायकलीची चेन अजून उतरते काय?"

"नाही, चाचा."

"उतरते. मले माहीत हाये. दोन कड्या काढा लागतीन. पाय टेकू दे जमिनीले, मंग काढून देतो."

मिस्तरीला ढिली चेन माहीत असणारच. की त्या उजेडात त्यांनी मला पाहिलं? मी दोन दिवस हेच उलगडत बसले आहे. नसेल पाहिलं, तर धुईत त्यांना खरंच रोही दिसला. पाहिलं असेल, तर मोडक्या पायानं ते मला वाचवत आहेत. मला या दुसऱ्याचीच भीती जास्त वाटते. आता आरशात कुठलाही दिवा दिसला की मी ब्रेक दाबते. परवा तर उतरून उभीच राहिले, तो माणूस विचारत गेला, "का झालं बाई?"

अर्ज अजून पाठवलेला नाही. चाचींना सांगितलं, सर्व्हर बंद आहे. हेही खोटं. मंगळवार शेवटचा दिवस.

उद्या सकाळी हे पत्र आधी पोस्टात टाकेन आणि मग चाचांकडे जाईन. पेटीत पडलेलं पत्र परत काढता येत नाही, म्हणून आधी हे. त्यांना सगळं सांगेन, मग बाबांना. बाबा काय करतील ते मला माहीत आहे. वनरक्षकांपुढे चाचा खोटे पडले तर काय होईल, ते माहीत नाही. आणि तू काय करशील, हे तर मुळीच माहीत नाही.

तू सायकल घे मात्र. माझ्यामुळे थांबू नकोस. दिवा लाव.

मघाशी अर्ज उघडला होता. बाकी सगळे रकाने भरलेले आहेत, एकातला शब्द मी पुसला. तिथे जे नाव यायला हवं, ते इथे खाली लिहिते.

अर्पिता